यूएसबी वायफाय डोंगल, न सुटणारी मेमरी आणि रेफकाउंटचा घोळ (कारखान्यात होतंय, घरी होत नाही)

धोटा | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मागांवर छोटे लिनक्स बोर्ड बसवलेत. पिक (विणताना पडणारा एकेक आडवा धागा) मोजायचे, माग थांबला की वेळ नोंदवायची आणि वायफायवरून ऑफिसातल्या पीसीला पाठवायचं, एवढंच काम. बोर्डाला स्वतःचं वायफाय नाही म्हणून यूएसबी डोंगल लावलेत. त्यांचा ड्रायव्हर मेनलाइन कर्नलमध्ये (लिनक्सच्या मूळ गाभ्यात) नाही, डोंगलवाल्यांनी दिलेल्या सोर्सवरून बांधलाय. कर्नल ६.१. ड्रायव्हर फुलमॅक आहे, म्हणजे मॅक८०२११ (कर्नलमधला वायफायचा मधला थर) न वापरता त्याच्या वरच्या सीएफजी८०२११ या थराशी थेट बोलतो.

दुखणी दोन.

एक, मेमरी हळूहळू संपायलीय. युजरस्पेसमध्ये काहीच फुगत नाही. प्रॉक-मेमइन्फोमधला एसअनरिक्लेम (कर्नलने धरलेली, सहज परत न मिळणारी मेमरी) मात्र चढतोय आणि स्लॅबटॉपमध्ये केमॅलॉकचे स्लॅब वाढलेले दिसतात. शेवटी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा) येतो आणि नेमका पिक मोजणारा प्रोग्राम उडवतो. मग मालकाचा फोन.

दोन, आरएमएमॉड केलं (ड्रायव्हर काढला) की कधी निमूट निघतो, कधी तिथेच अडकतो आणि लॉगमध्ये दर १० सेकंदांनी हे येत राहतं:

अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर डब्ल्यूलॅन० टू बिकम फ्री. युसेज काउंट = २

कधी २ ऐवजी ४ पण दिसतो. अडकला की वीज काढण्याशिवाय इलाज नाही.

तोच बोर्ड, तोच डोंगल घरी आणून रात्रभर चालवला तर दोन्हीपैकी काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१०

क्रॉन लावा. पहाटे पाळी बदलताना आरएमएमॉड, मॉडप्रोब (ड्रायव्हर काढा, परत चढवा). मालक खूश, तुम्ही खूश.

---

धोटा | सोमवार, रात्री ११:१४

अहो, आरएमएमॉडच तर अडकतंय ना!

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१५

मग रीबूट. आमच्याकडे सगळं रीबूटवरच चालतं.

---

हुतात्मा | सोमवार, रात्री ११:३१

मेनलाइनमध्ये ड्रायव्हर असलेलं डोंगल घ्या आणि मोकळे व्हा. असल्या ड्रायव्हरांचा सोर्स मी बघितलाय. एरर पाथ नावाची गोष्टच नसते त्यात.

---

धोटा | सोमवार, रात्री ११:४०

मान्य. पण मालकाने खोकंभर डोंगल घेऊन ठेवलेत. ते बदला म्हणायची हिंमत कुणाची?

---

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ७:०५

दुसरं दुखणं तूर्त बाजूला ठेवा, दोन्ही एकत्र धरलीत तर गुंता होईल. आधी मेमरी.

लीक (न सुटणारी मेमरी) डेटाबरोबर वाढतंय की स्कॅनबरोबर, हे आधी ठरवा. एका बोर्डावर डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफाय जोडणारा प्रोग्राम) बंद करून नुसतं आयडब्ल्यू कमांडने दर मिनिटाला स्कॅन करा आणि निकालही वाचा. दुसऱ्यावर स्कॅन न करता नुसता डेटा ढकला. एसअनरिक्लेम कुठे चढतो ते लिहा.

माझा संशय स्कॅनवर आहे, कारण सांगतो. फुलमॅक ड्रायव्हरला एखादा ॲक्सेस पॉइंट दिसला की तो सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस_फ्रेम बोलावून कर्नलला कळवतो. आत त्या ॲक्सेस पॉइंटसाठी (एपी) एक बीएसएस ऑब्जेक्ट (त्याची नोंद) बनतो, किंवा आधीचा असेल तर ताजा होतो. हे फंक्शन जो पॉइंटर परत देतं तो रेफरन्स घेऊनच, म्हणजे वापरणाऱ्यांची गणती (रेफकाउंट) एकने वाढवूनच, देतं. काम झालं की सीएफजी८०२११_पुट_बीएसएस करून तो सोडणं बोलावणाऱ्याची जबाबदारी. हेडरमधल्या कॉमेंटमध्ये हे उद्गारचिन्हासकट लिहिलंय. तरी बाहेरच्या ड्रायव्हरांमध्ये परत आलेली किंमत कुणी धरतच नाही. ओळ अशी नुसती उभी असते:

सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस_फ्रेम(...);

डावीकडे व्हेरिएबल नाही, खाली पुट नाही. कंपायलर इशारा देतो (फंक्शनला मस्ट_चेक लावलेलं आहे), पण तो कुणी वाचत नाही. मॅक८०२११ वर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हा त्रास नसतो, त्यांच्या वतीने मॅक८०२११ स्वतः पुट करतं. तुमच्या सोर्समध्ये आधी ग्रेप मारा (ती ओळ शोधा).

---

धोटा | मंगळवार, रात्री ९:४८

ग्रेप मारला. इन्फॉर्म दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी पुट आहे. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे फर्मवेअरकडून स्कॅन इव्हेंट येतो तिथे, तुम्ही लिहिली तश्शीच उघडी ओळ!

स्कॅनवाल्या बोर्डावरच चढतंय. डेटावाला ठणठणीत.

पण एक कळेना. मग घरी का नाही? घरीही तोच स्कॅन, तोच ड्रायव्हर. रात्रभरात शेकड्याने स्कॅन झाले असतील. शेजाऱ्यांचे धरून पाच-सहा एपी दिसतात.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:०२

कर्नल ६.१ मध्ये रेफकाउंट_टी (गणतीसाठीचा सुरक्षित प्रकार) आहे ना? गणती बिघडली की तो स्वतः ओरडतो, "अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री" किंवा "सॅच्युरेटेड, लीकिंग मेमरी" असं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) असलं काही नाही का? (मी शिकाऊ आहे, चुकत असेन तर सांभाळून घ्या.)

---

सातरस्ता | मंगळवार, रात्री १०:४०

@शेंगाचटणी, रेफकाउंट_टी ४.११ मध्ये, म्हणजे २०१७ मध्ये आला आणि केरेफसुद्धा (कर्नलची रेफरन्स मोजायची तयार सोय) आता त्यावरच उभा आहे. पण बीएसएसची गणती त्यात नाही. ६.१ मध्ये ती साधी अनसाइन्ड लाँग आहे आणि बीएसएस_लॉक धरून वाढवतात-घटवतात. त्यामुळे ती ओरडणार नाही. आणि रेफकाउंट_टी असता तरी सॅच्युरेट व्हायला गणती दोनशे कोटींपलीकडे जावी लागते. एकेक ऑब्जेक्ट एकेका रेफरन्सने अडकला तर तोही गप्पच बसतो.

@धोटा, तुमच्या प्रश्नात खरी गंमत आहे.

घरचा एपी रोज तोच. पहिल्या स्कॅनला ऑब्जेक्ट बनला, पुढच्या प्रत्येक स्कॅनला तोच सापडतो, ताजा होतो आणि गणती एकने वाढते. गणती पाच हजार झाली तरी ऑब्जेक्ट एकच. मेमरी कशी वाढेल? पाच एपी, पाच ऑब्जेक्ट. लीक घरीही आहेच, फक्त दिसत नाही.

आता कारखाना. कामगारांचे फोन, त्यांचे हॉटस्पॉट. हल्लीचे बरेच फोन हॉटस्पॉट चालू करताना पत्ता दर वेळी नवा घेतात. पाळी बदलली की नवे पत्ते आले, जुने गेले. नवा पत्ता म्हणजे नवा बीएसएस. जो ३० सेकंद दिसला नाही तो कालबाह्य ठरतो आणि कुणीतरी स्कॅनचा निकाल मागितला की यादीतून काढला जातो. यादीचा स्वतःचा रेफरन्स तिथे सुटतो. पण ड्रायव्हरने घेतलेला कुणीच सोडला नाही, म्हणून गणती शून्यावर येत नाही आणि बीएसएस_फ्री होत नाही. ऑब्जेक्ट यादीत नाही, कुणाच्या हातात नाही, पण मेमरीत आहे. त्याच्याबरोबर बीकनचे (एपी हवेत सोडतो त्या घोषणेचे) आयई, म्हणजे नाव वगैरे माहितीचे तुकडे, साठवलेले बफरही अडकतात.

म्हणूनच आयडब्ल्यू स्कॅन डंप बघितला तर आकडा नेहमीसारखाच दिसेल. सीएफजी८०२११ ला बीएसएस_एंट्रीज_लिमिट नावाची मर्यादा आहे, मुळात १०००. तीही वाचवत नाही, कारण ती यादीतल्या नोंदी मोजते आणि हे यादीबाहेर गेलेले.

---

हुतात्मा | मंगळवार, रात्री १०:५५

दंडवत. पाळीच्या भोंग्यावर कर्नलची मेमरी वाढते हे पहिल्यांदा ऐकलं.

---

पूर्वभाग | मंगळवार, रात्री ११:२०

पटलं, पण पुराव्याशिवाय पॅच नको. केमेमलीक चालू करा (कॉन्फिग_डीबग_केमेमलीक). ज्या ब्लॉककडे कुठूनही पॉइंटर नाही तो ब्लॉक ते दाखवतं. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. ऑब्जेक्ट यादीत लटकून राहिला असता तर केमेमलीकच्या लेखी तो लीकच नाही, कारण यादीतून पोचता येतं. रेफकाउंटचे बरेच लीक असेच निसटतात. तुमचे यादीतून सुटलेले आहेत म्हणून सापडतील.

ते आपोआप १० मिनिटांनी एकदा तपासतं. वाट बघायची नसेल तर डीबगएफएसमधल्या (कर्नल तपासायच्या फाइलींच्या जागेतल्या) केमेमलीक फाइलमध्ये "स्कॅन" लिहा. आधी "क्लिअर" लिहून जुनं पुसा.

आणि घरीच पुनरुत्पादन करा की, कारखान्यात कशाला जाता? एका लॅपटॉपवर होस्टएपीडी (लॅपटॉपला हॉटस्पॉट बनवणारा प्रोग्राम) लावा आणि शेल स्क्रिप्टने दर वेळी इंटरफेस खाली पाडून पत्ता बदलून परत वर आणा. झाले हॉटस्पॉट तयार.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ११:२६

मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम वापरलं तर? खोटे रेडिओ, डोंगल लागतच नाही.

---

पूर्वभाग | मंगळवार, रात्री ११:३३

इथे उपयोग नाही. एचडब्ल्यूसिम म्हणजे ड्रायव्हरच्याच जागी बसलेला खोटा ड्रायव्हर. आपला गुन्हेगार ड्रायव्हर आहे, त्यालाच बाहेर काढलंत तर पकडणार कुणाला? दोष सीएफजी८०२११ किंवा मॅक८०२११ मध्ये असता तर एचडब्ल्यूसिमसारखं दुसरं काही नाही. हां, खोटे हॉटस्पॉट त्यातून येणार नाहीत, तिथली हवाही खोटीच.

---

धोटा | बुधवार, रात्री ११:०५

सापडलं. होस्टएपीडीची स्क्रिप्ट लावून चहा होईपर्यंत केमेमलीकने ढीग काढला. स्टॅक सगळ्यांचा जवळजवळ सारखा (वरची सर्वात आतली ओळ):

केझॅलॉक
सीएफजी८०२११_बीएसएस_अपडेट
सीएफजी८०२११_इन्फॉर्म_सिंगल_बीएसएस_फ्रेम_डेटा
सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस_फ्रेम_डेटा
आणि खाली ड्रायव्हरचं स्कॅन इव्हेंट हाताळणारं फंक्शन.

हेक्सडंपवाल्या नोंदीत माझ्या खोट्या हॉटस्पॉटचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, ते बहुतेक आयईचे बफर. लॅपटॉप बंद केल्यावरही बोर्डाच्या मेमरीत नाव तसंच!

आता पुट घालू ना? आणि स्कॅन संपल्यावर सगळ्या निकालांवरून फिरून एकदा पुट केलं तर? एखादं राहिलं असेल तर तेही जाईल.

---

सातरस्ता | गुरुवार, सकाळी ६:५०

पहिल्याला हो. दुसऱ्याला अजिबात नाही. हे वाचून चहा थांबवून लिहितोय.

पुट गणती जुळवायला घालत नाहीत. ज्याने घेतला त्याने सोडायचा. इन्फॉर्मने तुम्हाला एक दिला, तुम्ही एक सोडा, त्याच फंक्शनमध्ये, पॉइंटरचं काम संपल्या जागी. यादीवरून फिरून पुट कराल तर जो रेफरन्स तुमचा नाही, यादीचा आहे किंवा जोडलेल्या कनेक्शनचा आहे, तो सोडाल. मग ऑब्जेक्ट फ्री होईल आणि यादी त्याच्याकडे बोट दाखवत राहील. लीकने बोर्ड हळूहळू मरतो. जास्तीच्या पुटने भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी मेमरी बिघडते आणि दोष कुणाच्या तरी निरपराध कोडवर जातो.

हे नवशिक्यांनाच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वायफाय स्टॅकमधले पाच दोष एकत्र जाहीर झाले. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या सोन्के हुस्टर यांनी शोधलेले. त्यातला सीव्हीई-२०२२-४२७२० (दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) हा सरळ बीएसएस रेफकाउंटचा होता, ५.१ पासून कर्नलमध्ये. पॅच कर्नलचं वायफाय सांभाळणाऱ्या योहानेस बेर्ग यांचा, आणि त्याचं वर्णन वाचण्यासारखं आहे. एका ठिकाणी बीएसएस_रेफ_गेटमध्ये छुप्या नेटवर्कचा पॉइंटर हाताळताना मूळ पॉइंटरच पुसला जायचा आणि पुढची तपासणी चुकीच्या ऑब्जेक्टवर व्हायची. दुसऱ्या ठिकाणी तात्पुरत्या रचनेतून कॉपी झालेला पॉइंटर, ज्याचा रेफरन्स कधी घेतलाच नव्हता, सोडला जायचा. तिसऱ्या ठिकाणी यादीतून काढून टाकलेला ऑब्जेक्टच रेफरन्स नसताना परत दिला जायचा. हे सगळं हवेतून आलेल्या बीकनवरून, नेटवर्कला न जोडता. कुणीतरी जवळून वेडेवाकडे बीकन सोडायचे, बस्स. ५.१९.१६ आणि ६.०.२ मध्ये दुरुस्त्या आल्या, तुमच्या ६.१ मध्ये त्या आहेत.

पुट घातल्यावर एकदा कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा कर्नलमधला तपासनीस) लावून चालवा. जनरिक कासान मेमरीचा आठवा भाग सावलीसाठी (स्वतःच्या हिशोबासाठी) खातो, म्हणजे ५१२ एमबीतले ६४ तिथेच. शिवाय बाकीचा भार. पण जास्तीचा पुट पडला असेल तर तेच सांगेल, कुणी बनवला आणि कुणी फ्री केला ते दोन्ही स्टॅक दाखवून.

---

धोटा | गुरुवार, रात्री १०:१५

एकच पुट घातला. कासान गप्प, केमेमलीक गप्प, हॉटस्पॉटची स्क्रिप्ट चालू असून एसअनरिक्लेम जागचा हलत नाही. यादीवरून फिरायचा बेत रद्द.

आता आरएमएमॉड.

---

पूर्वभाग | गुरुवार, रात्री १०:४४

हा बीएसएसचा नाही, नेट_डिव्हाइसचा (नेटवर्क इंटरफेसचा) रेफरन्स आहे. कुणीतरी डेव्ह_होल्ड (रेफरन्स घेणं) केलंय आणि डेव्ह_पुट (सोडणं) केलेलं नाही. ६.१ मध्ये मूळ गणती १ धरतात, म्हणून २ म्हणजे एक होल्ड अडकलाय. ४ म्हणजे तीन. जुन्या लेखांत "काउंट = १" दिसेल, तिथे मूळ शून्य असायचं.

५.१७ पासून रेफ ट्रॅकर आहे, एरिक ड्युमाझे यांचा. कॉन्फिग_नेट_डेव्ह_रेफसीएनटी_ट्रॅकर चालू केलं की त्याच वेटिंगच्या ओळीखाली कुणी होल्ड केलं त्याचा स्टॅक येतो. एक मेख आहे. साध्या डेव्ह_होल्डला ट्रॅकर नसतो. ते नुसते "अनट्रॅक्ड" म्हणून मोजले जातात, स्टॅक येत नाही. तेव्हा तुमच्या ड्रायव्हरमधली सगळी डेव्ह_होल्ड-डेव्ह_पुट आधी नेटडेव्ह_होल्ड-नेटडेव्ह_पुट करा आणि प्रत्येकाला वेगळा ट्रॅकर द्या. कंटाळवाणं आहे, पण तेवढ्यातच अर्धी चूक डोळ्यांना दिसते.

---

धोटा | शुक्रवार, रात्री ११:५०

अगदी तसंच झालं, ट्रॅकरची गरज पडण्याआधीच दिसलं. सिग्नल कमी झाला की ड्रायव्हर रोमिंग तपासायला एक डिलेड वर्क (थोड्या वेळाने करायचं काम) रांगेत टाकतो. टाकण्याआधी डेव्ह_होल्ड, कामाच्या शेवटी डेव्ह_पुट. डिस्कनेक्टमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक. आता काम चालायच्या आधीच रद्द झालं तर शेवटचं पुट कोण करणार?

घरी राउटर हाताशी, सिग्नल कमीच होत नाही, काम रांगेत जातच नाही. कारखान्यात एपी ऑफिसात आणि मधे सगळं लोखंड.

पण ४ कुठून आला? डिस्कनेक्ट तर एकदाच होतो.

---

सातरस्ता | शनिवार, सकाळी ७:३०

शेड्यूल_डिलेड_वर्कची परत येणारी किंमत बघता का? काम आधीच रांगेत असेल तर ते फॉल्स देतं आणि दुसऱ्यांदा टाकत नाही. पण तुमचा ड्रायव्हर होल्ड आधीच करून बसलाय. सिग्नल वरखाली होत राहिला की तीन होल्ड, एकच काम, आणि तेही चालण्याआधी रद्द झालं तर एकही पुट नाही.

दोन्ही ठिकाणी किंमत तपासून पुट घालता येईल. फॉल्स आलं तर पुट, कॅन्सलने ट्रू दिलं तर पुट. पण मी तो होल्डच काढून टाकेन. डिव्हाइस अनरजिस्टर होण्याआधी काम सिंकने रद्द होतंय ना? मग काम चालू असताना डिव्हाइस जाऊच शकत नाही. तो होल्ड कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

एवढं बघा की ते काम आतमध्ये आरटीएनएल लॉक (नेटवर्क इंटरफेस बदलताना धरायचं कुलूप) घेत नाही. घेत असेल आणि तुम्ही आरटीएनएल धरून कॅन्सल_सिंक केलंत तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. काम स्वतःलाच परत रांगेत टाकत नाही ना तेही बघा. कॅन्सल_सिंक ते सांभाळतं, पण रद्द झाल्यानंतर दुसऱ्या कुणी, म्हणजे यूएसबीच्या इव्हेंटने, टाकलं तर नाही. आधी यूआरबी (यूएसबीच्या चालू विनंत्या) मारा, मग काम रद्द करा, मग अनरजिस्टर.

---

शेंगाचटणी | शनिवार, सकाळी ९:१२

मध्येच एक विचारतो. मॅक८०२११ चा कोड वाचत होतो. एसटीए_इन्फोला (जोडलेल्या स्टेशनच्या नोंदीला) गणती दिसतच नाही! मग तो सुरक्षित कसा?

---

पूर्वभाग | शनिवार, सकाळी ९:४०

तिथे आरसीयूवर (लॉकशिवाय वाचायच्या कर्नलच्या पद्धतीवर) भागवलंय. शोधणारा आरसीयू_रीड_लॉकमध्ये शोधतो आणि अनलॉकच्या आत काम उरकतो. काढणारा आधी हॅशटेबलमधून काढतो, मग सिंक्रोनाइझ_नेट करून जुने वाचणारे संपायची वाट बघतो, मग मोडतो. पॉइंटर अनलॉकनंतर कुठे ठेवून दिलात की मेलात. जास्त वेळ हवा असेल तर ऑब्जेक्टला गणती हवी आणि रीड लॉकमध्येच केरेफ_गेट_अनलेस_झीरो करायला हवं. नुसतं केरेफ_गेट चालत नाही, कारण तोवर गणती शून्य होऊन गेलेली असू शकते.

ड्रायव्हर स्वतः कॉल_आरसीयू वापरत असेल तर मॉड्यूल निघताना आरसीयू_बॅरियर लागतो. सिंक्रोनाइझ_आरसीयू पुरत नाही, ते कॉलबॅक पूर्ण व्हायची वाट बघत नाही. मॉड्यूल गेलं आणि कॉलबॅक नंतर आला तर कोडच जागेवर नाही.

---

धोटा | शनिवार, रात्री ८:२०

होल्ड काढला, क्रम बदलला. डोंगल लोखंडी कपाटात ठेवून, दार उघड-बंद करत आरएमएमॉड-मॉडप्रोब लूपमध्ये चालवलं. एकदाही अडकलं नाही. कपाट मातोश्रींचं आहे, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी.

शेवटची शंका. स्कॅन इव्हेंट यूआरबीच्या कम्प्लीशनमधून येतो. तिथे पुट_बीएसएस चालतं ना? आणि इन्फॉर्मने नल दिलं तर?

---

सातरस्ता | शनिवार, रात्री ९:०५

नल चालतं, पुट_बीएसएस पहिल्याच ओळीत बघून परत फिरतं. वेगळा इफ घालू नका.

लॉकचं म्हणाल तर पुट जो बीएसएस_लॉक घेतं तोच इन्फॉर्मही घेतं, स्पिन_लॉक_बीएच. म्हणजे पुटमुळे नवा धोका नाही. पण हार्ड आयआरक्यूमध्ये (थेट हार्डवेअरच्या इंटरप्टमध्ये) बीएच लॉक चालत नाही आणि कम्प्लीशन कुठल्या संदर्भात येतं ते यूएसबी होस्ट कंट्रोलरवर अवलंबून. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा तपासनीस) लावून एक स्कॅन करा. ओरडला तर इन्फॉर्म आणि पुट दोन्ही वर्कक्यूमध्ये हलवा, मग जीएफपी_ॲटॉमिकचीही (न थांबता मेमरी मागण्याची) गरज उरणार नाही.

---

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९:३०

ती होस्टएपीडीची स्क्रिप्ट इथे टाका. आमच्या शेडमध्येही असलेच बोर्ड आहेत, ड्रायव्हर कुठला आहे तेवढं बघतो.

---

धोटा | शनिवार, रात्री ९:४१

टाकतो. पण तुम्ही आधी सोर्समध्ये इन्फॉर्म ग्रेप करा, स्क्रिप्टची गरजच पडणार नाही कदाचित. पॅच डोंगलवाल्यांनाही पाठवलाय.